अष्टमीला डोंगर, पुनवेला वाळू

आमच्याकडे कालनिर्णय स्वयंपाकघरात नसतं. ते पुढल्या दाराशी, चपलांच्या स्टँडच्या वर खिळ्याला टांगलेलं असतं. सिलिंडर कधी लावला, दुधाचे खाडे किती झाले, हे अजूनही त्यावरच लिहिलं जातं, पण जागा बदलली ती माझ्या धावण्यासाठी. पहाटे बुटाची नाडी बांधून मान वर केली की तिथी दिसली पाहिजे. तिथी दिसली की मनातल्या मनात तिची पाऊणपट करायची आणि मग फाटकातून डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते ठरवायचं.

रत्नागिरीतल्या जुन्या माणसांना हा हिशोब सांगावा लागत नाही. हे वाचणारे पुण्याचे, डोंबिवलीचे असतील तर त्यांच्यासाठी सांगते. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून सुरुवात, पक्ष शुक्ल असो की कृष्ण. दुसरी भरती त्यानंतर बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. पुनव-अवसेच्या सांध्यावर हा हिशोब जरा लंगडतो, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण मला काही बोट बंदरात घालायची नसते.

हा हिशोब सासूबाईंचा. त्यांचं माहेर पूर्णगडला, मुचकुंदीच्या मुखाशी. त्यांच्या लहानपणी खाडी ओलांडायची तर होडीशिवाय गत नव्हती, त्यामुळे पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं हे घरातल्या पोरीबाळींनाही पाठ असायचं. मी पहिल्यांदा धावायचे बूट आणले तेव्हा त्यांनी किंमत विचारली. मी अर्धीच सांगितली. तरी म्हणाल्या, "एवढ्यात महिन्याचे तांदूळ आले असते." पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी कडी काढते आहे तोच आतून आवाज आला, "आज अष्टमी ना गं? भाट्याला जाऊन काय करशील? पाणी सुरूंना लागलेलं असेल." भाटे म्हणजे खाडीपलीकडचा आमचा किनारा, आणि सुरू ही त्याच्या कडेची झाडं. तेव्हापासून माझं वेळापत्रक त्यांच्या हातात आहे.

मुलगा पुण्यात शिकतो. त्याने मागच्या दिवाळीत मला मनगटावरचं घड्याळ आणून दिलं. ते नाडी मोजतं, झोप मोजतं, आणि कधी कधी सकाळी सकाळी सांगतं की तुमचं शरीर आज तयार नाही. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते, घरात चार माणसांचं करते. माझं शरीर कुठल्याच सकाळी तयार नसतं. मुलाला मात्र पाऊणपटीची गंमत वाटली. हे बरोबर कसं काय येतं, म्हणाला. येणारच. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. भरतीही रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, ती चंद्रामुळेच. इंग्रजी तारखेला चंद्राशी काही देणंघेणं नाही, म्हणून तिला भरतीचं वेगळं कोष्टक लागतं. आजीच्या हिशोबाला कोष्टकच लागत नाही, कारण तिथी मुळात चंद्रावर बेतलेली आहे. त्यावर त्याने घड्याळात तिथी दाखवणारं काहीतरी बसवून देतो म्हणून सांगितलं. अजून बसवलेलं नाही.

तर पुनव आणि अवस. भरती सव्वाअकराची, म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराला पाणी पार मागे गेलेलं. त्यात उधाणाचे दिवस. सूर्य, चंद्र आणि आपण एका ओळीत, त्यामुळे भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खाली जाते. पुढचे दोन दिवस तर धावणाऱ्याच्या सोयीसाठीच काढल्यासारखे. प्रतिपदेला साडेसहाच्या आसपास, द्वितीयेला सात-साडेसातला पाण्याचा तळ. या दिवसांत मी दुसरीकडे कुठे जातच नाही. राजिवड्यावरून पूल ओलांडायचा आणि भाट्याच्या किनाऱ्यावर उतरायचं.

पुलावर थोडं थांबावंच लागतं. खाली काजळी नदी समुद्राला मिळते. हिवाळ्यात पहाटेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, मतलई वारा. पुलाच्या डाव्या अंगाने खाडीवरून येतो आणि कानाला झोंबतो. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा उघडा पडलेला दिसतो. राजिवड्याच्या होड्यांना तिथून बाहेर जायला पाणी चढायची वाट बघावी लागते. तो गाळ हा इथल्या मच्छीमारांचा जुना वैताग आहे. मी धावायला मोकळी जागा मिळाली म्हणून खूश, आणि ते त्याच जागेला शिव्या घालत होडीत बसलेले. अशा वेळी तोंडभर हसून "काय, कसं काय?" विचारत नाही मी.

भाट्याची वाळू सुकी असेल तर तिच्यात धावणं म्हणजे शिक्षा. वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असं शास्त्रज्ञांनी माणसांना धावायला लावून मोजलेलं आहे. पाऊल रुततं, ढकलताना वाळू मागे सरकते, आणि पोटऱ्या बोलायला लागतात. पण पाणी नुकतं उतरलेली ओली वाळू शेणाने सारवलेल्या अंगणासारखी घट्ट असते. त्या पट्ट्यात अनवाणी पायाने धावण्याचं जे सुख आहे ते मला पैसे भरून केलेल्या कुठल्याही शर्यतीत मिळालेलं नाही. एकदाच मुंबईची अर्धी मॅरेथॉन केली, जानेवारीतली. सी लिंकवरून सूर्योदय बघितला, हजारो माणसं होती, पदक मिळालं, ते मुलाच्या खोलीत खिळ्याला आहे. पण एवढा समुद्र खाली असून पायाला पाणी लागत नाही, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

अनवाणी धावायचं तर दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. किनाऱ्याला पाण्याकडे उतार असतो, त्यामुळे जाताना एक पाय सतत खालच्या अंगाला राहतो. म्हणून जेवढं जायचं तेवढंच त्याच पट्ट्यातून परत यायचं, म्हणजे दोन्ही गुडघ्यांना समान त्रास. शिंपल्यांच्या ओळी दिसल्या की पाण्याच्या बाजूने वळसा घालायचा. आणि पावसाळ्याच्या तोंडावर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात किनाऱ्याला, त्या तळपायाला चिकटल्या तर साबणाने जात नाहीत. खोबरेल तेल लावून चोळायचं. घरी आल्यावर न्हाणीघरात जाण्याआधीच, बाहेरच्या पायरीवर, नाहीतर सासूबाई आत घेत नाहीत.

आमच्या किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला. मावळतीसाठी सगळे येतात, फोटो काढतात, भेळ खातात. सकाळचं कोणाच्या लक्षात येत नाही. सूर्य आपल्या पाठीमागून, डोंगराआडून येतो, त्यात मध्ये सुरूचं बन. त्यामुळे सूर्य उगवून गेला तरी किनाऱ्यावर बराच वेळ सावलीच असते. सुरूंच्या लांब सावल्या पाण्यापर्यंत पोचलेल्या असतात आणि समोर, खाडीपलीकडे, रत्नदुर्गाचा डोंगर आणि दीपगृह मात्र उन्हात लख्ख. एप्रिलमध्येही सात वाजता तिथे डोक्यावर ऊन नसतं. पूर्वेकडच्या समुद्राला, चेन्नईला वगैरे, ही चैन कुठून असणार!

झरी विनायकाच्या बाजूला पोचलं की वळायचं. तिथे देवळात जायचं की नाही हे घामावर अवलंबून. बहुतेक वेळा बाहेरूनच हात जोडते.

आता रापणीचं सांगते, कारण ते सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले होते.

थंडीचे दिवस होते, तृतीया असावी. परत वळले तर किनाऱ्यावर पंधरा-वीस माणसं दोन ओळींत उभी आणि दोरी ओढतायत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडीने अर्धगोल फिरून ते समुद्रात टाकतात, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोन्ही बाजूंनी माणसं ती ओढत हळूहळू एकमेकांकडे सरकत येतात. मी कमरेवर हात ठेवून श्वास घेत बघत उभी राहिले. ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मान न वळवताच विचारलं, "काय वो वहिनी, नुसतं बघून मासे येतात काय?"

मग काय, दोरीला हात लावला. माझ्या पुढे एक बारीकशी बाई होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वय माझ्याहून दहा वर्षांनी तरी जास्त. तिने एकदाच मागे वळून माझ्या बुटांकडे बघितलं. बूट गळ्यात होते, नाड्यांना अडकवलेले. "हाताने नको ओढू," म्हणाली. "मागं रेल, टाचा रोव, आणि चाल." तंत्र एवढंच. हाताने ओढलं तर पाच मिनिटांत दंड संपतात. दोरी कमरेशी धरून शरीराचं वजन मागे टाकायचं आणि उलट्या पावलांनी चालायचं. मांड्या, कंबर, पोट, टाचा, सगळं एकाच वेळी कामाला लागतं. ओळीच्या शेवटी पोचलं की दोरी सोडून पुढे पाण्याशी जायचं आणि नव्याने धरायची. घाई कोणीच करत नाही. घाई केली तर जाळं एका बाजूला ओढलं जातं आणि मासळी निसटते. एक जण आवाज देतो, त्या आवाजावर सगळे.

तासभर तरी चाललं असेल. मध्ये माझ्या मनात आलं की जिममध्ये जाणाऱ्या आमच्या बँकेतल्या पोरांना इथे आणून उभं करावं. महिन्याला पैसे भरून भिंतीला बांधलेली दोरी ओढतात ती, आणि समोर आरशात बघतात.

जाळं आलं तेव्हा फार काही नव्हतं. तारली होती बऱ्यापैकी, थोडे बांगडे, दोन-चार खेकडे, आणि एक जेलीफिश, जो काठीने बाजूला केला. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, तसा मलाही मिळाला. नको नको म्हटलं तर त्या बाईने पिशवी मनगटात अडकवलीच. "वाटा नाकारू नये," एवढंच म्हणाली. मासळीची पिशवी मनगटात, बूट गळ्यात, अशी मी पुलावरून धावत निघाले आणि राजिवड्याच्या कोपऱ्यावर मांजरांचं एक शिष्टमंडळ बरोबर यायला लागलं. घड्याळाने त्या तासाभराची नोंद "विश्रांती" अशी केली होती.

सासूबाईंनी पिशवी उघडून बघितली, एक तारली उचलून कल्ले तपासले आणि म्हणाल्या, "अशी धावलीस तर रोज धाव." दुपारी तारलीचं तिखलं झालं, तिरफळ घालून. त्या दिवशी बँकेत खुर्चीतून उठताना माझ्या तोंडून जे आवाज निघत होते ते ऐकून कॅशियरने खिडकीतून वाकून बघितलं.

अष्टमीच्या आसपासचं वेगळं. चंद्र काटकोनात गेलेला, भांगाचे दिवस. पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही, पण सकाळी सहाला जे काही असतं ते वरच असतं, किनाऱ्यावर फक्त सुकी, रुतणारी वाळू उरते. मग डोंगर. आमचं शहर धावणाऱ्याने आखलेलं नाही. सपाट असं काही नाहीच. बाजार खाली, मारुती मंदिर वर, तिथून पुढे साळवी स्टॉपकडे आणखी वर. दळणाला गेलं तरी चढ लागतो. मला आवडणारा चढ म्हणजे जयस्तंभावरून थिबा पॅलेसकडे जाणारा, आणि पुढे थिबा पॉइंट.

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा लाल वाडा त्याच्यासाठी बांधला तो १९१० साली, म्हणजे इथे येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. सहा वर्षं राहिला त्यात, १९१६ साली इथेच गेला. शाळेत असताना आम्हाला सहलीला तिथे नेत, आणि आम्ही जांभळं वेचत असू. आता पहाटे तिथून धावत जाताना वाड्याच्या बंद खिडक्या दिसतात आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो, की या माणसाला फिरायला कुठवर जाऊ देत असतील? पुढे थिबा पॉइंटवरून खाली काजळीची खाडी, भाट्याचा पूल, सुरूचं बन, सगळं एका नजरेत येतं. समुद्र पूर्ण भरलेला असतो. वर उभं राहून पाणी बघायचं आणि पाच मिनिटांनी उतरायला लागायचं. उतरताना गुडघे जपून. चढताना दम लागतो तो उतरताना परत मिळतो, पण गुडघ्यांचं तसं नसतं.

कधी किल्ल्याची फेरी. रत्नदुर्गाला तिन्ही बाजूंनी समुद्र, वर भगवतीचं देऊळ. चढ थिबा पॉइंटपेक्षा खडा आहे आणि कुत्र्यांची हद्द दोनदा बदलते. बायकांनी पहाटे धावण्याबद्दल लोक फार काळजीने बोलतात, पण मला आजवर माणसांपेक्षा कुत्र्यांनीच जास्त अडवलं आहे. उपाय एकच, धावणं थांबवून चालायला लागायचं आणि त्याच्याकडे न बघता मोठ्याने स्वतःशी बोलायचं. मी घरच्या सामानाची यादी म्हणते. डाळ, गूळ, कपड्याचा साबण, असं. कुत्र्यांना कंटाळा येतो.

माणसांचं म्हणाल तर पहिली काही वर्षं प्रश्न असायचे. "वहिनी, गाडी चुकली काय?" हा रिक्षा स्टँडचा आवडता. मग एक दिवस त्यांनीच उत्तर शोधलं असावं, कारण आता कोणी नवा रिक्षावाला हसला तर जुना त्याला सांगतो, "बँकेतल्या वहिनी त्या, रोज जातात." पहाटेच्या अंधारात रस्त्याला आपली ओळख असणं ही मोठी सोय आहे.

माझ्याबरोबर आठवड्यातून दोनदा बँकेतली मैत्रीण असते. ती घाटावरची, माण तालुक्यातली, बदली होऊन इथे आलेली. ललिता बाबर तिच्या तालुक्यातली, मोहीची. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली होती, दहावी आली, आणि हे मैत्रीण मला महिन्यातून एकदा तरी ऐकवते. मी म्हणते, आमच्या तालुक्यात तेवढं धावायला मोकळं माळरान कुठे आहे! पण खरी तिची लढाई आमच्या हवेशी आहे. घाटावर घाम येतो आणि वाळतो. वाळतो म्हणून अंग थंड राहतं. इथे हवेतच एवढं पाणी असतं की घामाला जायला जागा नाही. तो नुसता वाहतो, कोपरावरून ठिबकतो, बुटात जमतो, आणि आतून माणूस तापतच राहतो. मेच्या पहिल्या आठवड्यात ती तीन किलोमीटरला उन्मळून बसते आणि म्हणते, गावी मी याच्या दुप्पट धावते. धावत असेल. मी तिला कोकमाचं आगळ पाण्यात घालून देते, जिरं आणि साखर टाकून. आगळात मीठ मुरलेलंच असतं. रंगीत बाटल्यांतलं महागडं पाणी मी एकदा शर्यतीत प्यायले, मला ते गोळ्या-बिस्किटांच्या दुकानासारखं लागलं.

पावसाळ्यात किनारा बंद. कोणी सांगायला लागत नाही, जूनमध्ये भाट्याला नुसतं कानाने ऐकलं तरी कळतं. यांत्रिक होड्यांनाही १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, मिरकरवाडा बंदरात सगळ्या बोटी दाटीने उभ्या असतात. मग त्या बोटी बघायला मिरकरवाड्यापर्यंत धावत जायचं, मासळीचा वास तोपर्यंत धुऊन गेलेला असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आमच्याकडे, तोही चार महिन्यांत, त्यामुळे "पाऊस थांबला की जाऊ" असं म्हणणाऱ्याने सरळ दिवाळीलाच निघावं. मी टोपी घालते, म्हणजे डोळ्यांत पाणी येत नाही, आणि निघते. जांभ्याच्या पायऱ्या आणि गडगे शेवाळलेले असतात, तिथे चालायचं. बूट सुकवण्याचं एक खातं घरात उघडलेलं आहे. एक जोड पायात, एक फ्रिजच्या मागे, आत वर्तमानपत्राचे बोळे. रविवारच्या पुरवणीचा कागद गुळगुळीत असतो, तो पाणी शोषत नाही. रोजचा अंकच घ्यावा.

भाद्रपदात पाऊस ओसरला की सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, फुलतात. चंपक मैदानाच्या बाजूला कातळावर पाणी साठलेलं, त्याच्या कडेने पांढरे गेंद आणि निळी-जांभळी सीतेची आसवं. तिथे धावत नाही कोणी, धावूच नये. फुलं पायाखाली येतात. मी बूट काढून कातळाच्या कडेला बसते आणि त्या दिवसापुरतं घड्याळाला खरोखरची विश्रांती नोंदवू देते.

शिमग्यात तर आठ-दहा दिवस धावणं सोडूनच देते. नवऱ्याच्या गावी जातो आम्ही, पालखीला. वर्षभर ज्यांना मी कधी दोन पावलं पळताना बघितलं नाही, ते पुरुष खांद्यावर पालखी घेऊन ढोलाच्या तालावर तास तास नाचवतात. पालखी हलकी नसते, दांडा खांद्यात रुततो, होळीभोवती वाळूत-मातीत अनवाणी, आणि एकाने खांदा काढला की दुसरा लावतो, पालखी खाली येत नाही. माझा नवरा, ज्याला मी भाट्याला चल म्हटलं की गुडघा दुखतो, तो रात्री दोनपर्यंत त्यात असतो. दुसऱ्या दिवशी गुडघ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "देवाच्या कामात कसला गुडघा?" यावर मी काय बोलणार? फक्त पुढच्या रविवारी पहाटे त्याला उठवताना हे वाक्य त्यालाच ऐकवते.

तो येतो संध्याकाळी. मांडवीला. तिथे धावायचं नसतं. काळी वाळू, गार वारा समुद्राकडून आलेला, बंदराच्या धक्क्यावर माणसांची गर्दी, पोरं गोळा खातायत. निवृत्त झालेल्यांची एक रांग कठड्यावर ठरलेल्या जागी बसलेली असते. त्यांच्यातले एक काका एकेकाळी मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला येत असत. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतरायला लागायचं, हे सांगताना ते अजूनही हाताने लाट दाखवतात. मी पायातल्या चपला काढून वाळूत पोटऱ्या ताणून घेते, नवरा भेळ आणतो, त्यात माझ्या वाटणीची शेव जास्त. धावणाऱ्या बाईशी लग्न केल्याचा त्याला एवढाच त्रास, असं तो काकांना सांगतो.

या रविवारी षष्ठी आहे. साडेचारला भरती, सहालाही पाणी वरच असेल, त्यामुळे भाटे नाही, थिबा पॉइंट. माणची मैत्रीण येते आहे, तिची भाचीही येते आहे सुट्टीला आलेली. रत्नागिरीत असाल आणि यायचं असेल तर पावणेसहाला जयस्तंभाला या. वेग विचारू नका, चढावर आम्ही बोलत बोलत जातो. परत आल्यावर आमच्याकडे घावणे आणि नारळाची चटणी आहे. किती जण ते शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, सासूबाईंना त्या अंदाजाने तांदूळ भिजत घालायचे असतात.